चिंबोरी नव्हे, कुर्ली

धाकू घाडीला जनावराचं दुखणं आधी वासावरून कळायचं, मग चालीवरून, आणि कागदावर यायचं ते त्यानंतर कधीतरी. मुलुंडच्या डोंगराला पाठ लावून एका ट्रस्टची छोटी प्राणिबाग आहे. तिथे तो एकतीस वर्षं पिंजरे सांभाळत होता. मोठ्या बागांना जड झालेली जनावरं तिथे येत. दात पडलेलं अस्वल, एका डोळ्याचा कोल्हा, मागचा पाय ओढणारं सांबर. फाटकावर बागेचं नाव ऐसपैस लिहिलेलं होतं, पण रिक्षावाले तिला ‘म्हाताऱ्यांची बाग’ म्हणत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

जंगलात म्हातारपण फारसं कुणाला मिळत नाही. पाय जरा मंदावला की कुणीतरी येऊन हिशेब मिटवतं. पिंजऱ्यात मात्र वेळेवर मांस येतं, पाणी येतं, लस टोचली जाते, आणि जनावर जगत राहतं. मग जंगलात ज्यांची पाळीच आली नसती अशी दुखणी त्याच्या अंगात सावकाश बिऱ्हाड करतात. मोतीबिंदू, सांधे, मूत्रपिंड, गाठी. हे शब्द धाकूला पाठ होते. त्याचं शिक्षण नववीपर्यंत झालेलं, पण कुठल्या जनावराचं काय बिनसलंय हे सांगताना तो कधी अडखळला नाही.

त्याचे वडील लालबागला गिरणीत होते. संपानंतर ते भांडुपच्या खोलीत दाराशी बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, सतरा वर्षं. त्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. काम काढून घेतलेला जीव कसा दिसतो हे धाकूने सोळाव्या वर्षी पाहिलं होतं, आणि पिंजऱ्यातल्या प्रत्येक जनावराच्या डोळ्यात तो ते पुन्हा पाहायचा. म्हणून असेल, तो जनावरांशी कामाच्या गोष्टी बोलायचा. आज ऊन कुठून येतंय, कुंपणाबाहेर मुंगूस कधी गेलं, शेजारच्या पिंजऱ्यात काय चाललंय.

सगळ्यांत जास्त तो बोलायचा मंजुळाशी. मंजुळा म्हणजे सोळा वर्षांची बिबटीण. नगरकडच्या एका उसाच्या फडात तोडणीच्या वेळी सापडलेलं पिल्लू, डोळे नुकते उघडलेलं. धाकूने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. माणसाच्या हातची सवय लागली म्हणून तिला परत सोडता आलं नाही. म्हणजे बिबट्याचा जन्म घेऊन या बाईने आयुष्यात एकही शिकार केली नव्हती. धाकू तिला ‘म्हातारे’ म्हणायचा. ती त्याच्याकडे बघून जांभई द्यायची.

डिसेंबरात एका सकाळी ती उन्हात पाठीवर लोळत असताना त्याला तिच्या पोटावरचे केस एका जागी उभे राहिलेले दिसले. खाली काहीतरी होतं. त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

डॉ. रुचिका केणी तीन वर्षांपूर्वी बागेत आली होती. मढच्या कोळीवाड्यातली, चौतीस वर्षांची, बोलायला फटकळ. तिची आई अजून मालाडच्या बाजारात मासळी घेऊन बसते. रुचिका धाकूला काका म्हणायची, पण चुकलं की काकालाही सोडायची नाही. तिने मंजुळाला भूल दिली, गाठ चाचपली. लिंबाएवढी होती, स्तनाच्या ओळीत. सुईने नमुना काढला आणि आठ दिवसांनी उत्तर आलं: कॅन्सर.

उत्तर आलं त्या दिवशी तिने धाकूला समोर बसवून नीट समजावलं. गाठ काढता येते. जनावर म्हातारं आहे, पण काढता येते. अट एकच. ती फुप्फुसात पसरलेली नसावी. पसरली असेल तर पोट फाडून तिला त्रास देण्यात अर्थ नाही, मग जेवढे दिवस आहेत तेवढे सुखात जाऊ द्यायचे आणि श्वास जड झाला की झोपवायचं. झोपवायचं म्हणजे काय हे धाकूला सांगावं लागलं नाही. एकतीस वर्षांत त्याने अकरा जनावरांची डोकी त्यासाठी मांडीवर घेतली होती.

जानेवारीतल्या एका बुधवारी भूल देऊन छातीचा एक्स-रे काढला. धाकूने मंजुळाचे पुढचे पंजे दोरीने ताणून धरले होते. चित्र लॅपटॉपवर उमटलं तेव्हा त्याला आधी काही कळलं नाही. बरगड्यांच्या मागे धुकं, आणि धुक्यात गोल गोल पांढुरके ठिपके. रुचिकाने बोट ठेवत मोजले. आठ.

मग बोलली ती स्वतःशीच, शाळेत पाठ केलेलं म्हणून बघावं तशी. असे गोल डाग दोन गोष्टींचे असतात. एक म्हणजे गाठ वर चढली. दुसरं, फुप्फुसात राहणारा एक चपटा किडा असतो, तुरीच्या दाण्याएवढा, तोही असेच डाग करतो. पण विष्ठेच्या तपासणीत किड्याचं काही आलेलं नाही. आणि तो किडा येतो कच्च्या खेकड्यातून. पिंजऱ्यात खेकडा येणार कुठून?

मग तिने मान वळवली. दमलेली होती, तेव्हा तोंडात घरचा शब्द आला.

“काका, हिला कधी कुणी चिंबोरी नाही ना घातली?”

“नाय मॅडम,” धाकू म्हणाला. “चिंबोरी नाय घातली.”

आणि ते खरं होतं.

चिंबोरी म्हणजे खाडीच्या चिखलातली, हाताच्या पंज्याएवढी, सुतळीने बांधलेली, जी रुचिकाची आई टोपलीत घेऊन बसते ती. तसली चिंबोरी धाकूने मंजुळाला कधी घातली नव्हती. त्याने घातली होती ती कुर्ली. बागेच्या मागून डोंगरातून एक ओढा उतरतो, पावसाळाभर वाहतो, दिवाळीनंतर आटतो. त्याच्या दगडांखाली तपकिरी कुर्ल्या मिळतात, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या.

दोन पावसाळ्यांपूर्वी मंजुळाला पडसं झालं होतं आणि चार दिवस तिने मांसाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर शिबिराला गेलेल्या. धाकूच्या आईने त्याच्या लहानपणी प्रत्येक पडशावर, प्रत्येक तापातून उठल्यावर एकच गोष्ट केली होती: कुर्ल्या पाट्यावर ठेचून, गाळून, त्यांचा रस उकळून पाजला होता. कुडाळच्या बाजूच्या सगळ्या आया तेच करतात. धाकूने ओढ्यातले तीन दगड उलथले, तीन कुर्ल्या धरल्या, मंजुळाच्या नाकाला चावू नयेत म्हणून त्यांचे डेंगे मोडले आणि त्या पिंजऱ्यात सोडल्या.

आणि ती म्हातारी उठली. एक कुर्ली तिरकी पळाली, तिच्या मागे गेली, पंजा मारला, उलटी केली, सुलटी केली. कान पुढे झाले. शेपटीचं टोक हलायला लागलं. दहा मिनिटं तिने त्या तीन कुर्ल्यांशी जे केलं ते ती चौदा वर्षांत कधी करू शकली नव्हती. मग कडाकडा चावून खाल्ल्या आणि संध्याकाळी पाच किलो मांस खाल्लं. तेव्हापासून दोन्ही पावसाळे, आठवड्यातून एकदा, शनिवारी, सगळे गेल्यावर. ते कुणाला माहीत नव्हतं. धाकूच्या मते ते औषध होतं, आणि औषधापेक्षा जास्त ते तिचं काम होतं.

आता त्याच कुर्ल्यांतल्या किड्याने तिच्या छातीत बस्तान मांडलं असेल तर?

शुक्रवारी बैठक होती. अधीक्षक राजेश टिपणीस, ट्रस्टचे दोघे आणि डॉक्टर मिळून ठरवणार होते. रुचिकाने निघताना सांगितलं की ती ऑपरेशन नको असंच लिहिणार आहे. महिनाभर मंजुळा खोकतेय, खोकला वाढतोय, झोपवायला फार वाट बघणंही बरं नव्हे.

धाकू बसने भांडुपला घरी गेला. त्याची बायको रुक्मिणी मांदेली साफ करत होती. त्याने पाणी मागितलं आणि तसंच ठेवलं. ताटावर बसला आणि भात कालवत राहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात रुक्मिणीने नवऱ्याला जेवण टाकताना दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा घरात कुणीतरी गेलेलं होतं. तिने विचारलं, कोण गेलं? मग त्याने सगळं सांगितलं. सांगताना शब्दांचा घोळही सांगितला, की बाईंनी चिंबोरी विचारली, त्याने चिंबोरी नाही म्हणून सांगितलं, त्यात खोटं काही नाही.

रुक्मिणीने विळी बाजूला केली.

“तुमी तिका कच्च्यो घातल्यात?”

“मगे? वाघाक कोण रांधून घालता?”

“आवशीन तुमका कधी कच्चो रस पाजलेलो?”

हे धाकूच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचा रस उकळलेला असायचा, टोपात फेस येईस्तोवर. तो किडा, असला तर, तिथेच मरत असणार. त्याने औषध अर्धंच उचललं होतं.

“आणि चिंबोरी नि कुर्ली येकच ओ,” रुक्मिणी म्हणाली. “बाजारात चिंबोऱ्यो घेऊन इलात तरी घरात कुर्ल्योच म्हणतास ना? त्या पोरीक फसवल्यात की सोताक?”

त्याला भीती होती, आणि ती कशाची हे त्याने तिला सांगितलं नाही, तरी तिला ठाऊक होतं. पाच महिन्यांत तो निवृत्त होणार होता. एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नाही. बागेत बाहेरचं खाणं घालणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा, आणि त्या नियमाचा सगळ्यांत कडक राखणदार धाकूच. कुरकुरे फेकणाऱ्या बापांना पोरांदेखत झापलेलं त्याने. बारा वर्षांपूर्वी दादू नावाच्या पिंजरेवाल्याने कोल्ह्याला लग्नातली बिर्याणी घातली, तेव्हा साहेबांना जाऊन सांगणारा धाकूच होता. दादूला पिंजऱ्यांवरून काढून फाटकावर बसवलं, तो अजून तिथेच बसतो. रोज सकाळी धाकू त्याच्यासमोरून आत जातो.

आता एका पारड्यात हे सगळं होतं, आणि दुसऱ्यात एक म्हातारी बिबटीण, जी शुक्रवारी चार माणसांच्या सहीने मरणार होती. आणि कदाचित तिच्या मरणाचं कारण खोटं होतं.

गुरुवारी धाकू नेहमीपेक्षा तासभर आधी पोचला. डॉक्टरांची खोली उघडली तेव्हा तो दारात उभा होता, हातात स्टीलचा डबा.

“मॅडम, चिंबोरी नाय घातली. कुर्ली घातली.”

रुचिकाला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि तिने चष्मा काढला. मग दहा मिनिटं ती जे बोलली ते धाकूने मान खाली घालून ऐकलं. कोळ्याची पोर, चिडल्यावर तिचं बोलणं मढपासून मालाडपर्यंत ऐकू जाईल. तिने विचारलं, उद्या मी तिला झोपवलं असतं आणि परवा तुम्ही येऊन हे सांगितलं असतं तर? धाकू म्हणाला, परवा सांगायची हिंमत झाली नसती, म्हणून आज सांगतोय. मग प्रश्न सुरू झाले. किती? कधीपासून? कुठल्या ओढ्यातल्या? शेवटची कधी घातली? तिने बोटांवर महिने मोजले आणि अचानक उभी राहिली.

“आजची विष्ठा लागेल. ताजी.”

धाकूने डबा पुढे केला.

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यात तिला अनेकांनी डबे दिले असतील, असला पहिलाच.

आधीच्या तपासणीत किडा का दिसला नाही हे तिने कामाला लागता लागता सांगितलं. बाहेरच्या लॅबमध्ये विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवतात. हलकी अंडी वर तरंगतात, ती बघतात. या किड्याचं अंडं जड असतं, ते बुडतं. म्हणजे तळाशी बसलेल्याला ते वर शोधत होते. तिने डब्यातलं साध्या पाण्यात कालवलं, गाळलं, निमुळत्या ग्लासात ठेवलं. गाळ बसेपर्यंत थांबली. वरचं पाणी ओतलं, नवं घातलं, पुन्हा थांबली. असं चार वेळा. धाकू सगळा वेळ उभा होता. बाहेर मोर ओरडत होते, कुणीतरी त्याच्या नावाने हाका मारत होतं, त्याने ओ दिली नाही.

शेवटी तिने तळचा एक थेंब काचेवर घेतला आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. काच सरकवत राहिली. डावीकडे, उजवीकडे, खाली. मग तिचा हात थांबला.

“काका, या. एक डोळा मिटा.”

धाकूला आधी स्वतःच्या पापणीचे केस दिसले. मग कचरा. मग कचऱ्याच्या मधोमध एक सोनेरी तपकिरी अंडं, आणि त्याच्या एका टोकाला झाकण. नीट बसवलेलं, घट्ट, बायका पिठाच्या डब्याला लावतात तसं. त्याच्या बाजूला अजून एक. त्याने आयुष्यात इतकी वाईट वस्तू इतक्या आनंदाने कधी बघितली नव्हती.

“लई सुंदर आहे हो,” तो म्हणाला, आणि रुचिका मोठ्याने हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि लगेच बजावलंही. किडा आहे हे नक्की झालं. पण आठही डाग किड्याचेच आहेत हे नक्की नाही. काही किड्याचे, काही गाठीचे असू शकतात. ओळखायचा एकच मार्ग. किड्याचं औषध द्यायचं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं. विरले किंवा आतून पोकळ झाले ते किड्याचे.

शुक्रवारच्या बैठकीत धाकूने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद टिपणीस साहेबांनी मोठ्याने वाचला. ट्रस्टमधल्या एका गृहस्थांचं मत पडलं की याला आजच घरी बसवा. रुचिकाने मंजुळासाठी सहा आठवडे मागितले आणि सांगितलं की तीन दिवस, दिवसातून तीनदा, दोन-दोन गोळ्या मंजुळाच्या पोटात गेल्या पाहिजेत. गोळी इतकी कडू की कुत्रा तोंडातून फेसासकट बाहेर काढतो. टिपणीसांनी विचारलं, त्या देणार कोण? साहेबांनी चष्म्यावरून धाकूकडे पाहिलं आणि म्हणाले की यांना पिंजऱ्यापासून लांब ठेवायची चैन आपल्याला परवडणार नाही. शिक्षा दोन ठरल्या. सेवापुस्तकात लेखी तंबी. आणि जे केलं ते बाकीच्या पिंजरेवाल्यांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

पहिली शिक्षा त्याने सही करून घेतली. दुसरी जड होती.

शनिवारी चाऱ्याच्या शेडमध्ये सगळे जमले. फाटकावरून दादूलाही बोलावलं होतं. धाकू उभा राहिला आणि सांगितलं, काही न गाळता. दगड उलथले, डेंगे मोडले, दोन पावसाळे घातल्या, बाईंनी विचारलं तेव्हा शब्दाच्या आड लपलो. तो बोलायचा थांबला आणि मागून दादूचा आवाज आला.

“काय घाडीबुवा, निदान बिर्याणी शिजवलेली होती रे माझी.”

पत्रे हलतील असं हसू फुटलं. धाकूही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तो दादूकडे वळून म्हणाला की तुझं बरोबर आहे, आणि हे मी बारा वर्षं आधी म्हणायला हवं होतं. दादूने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पण त्याने बिडी काढली आणि एक धाकूपुढे केली.

मग एक गोष्ट झाली जिची कुणी कल्पना केली नव्हती. पक्ष्यांकडची सपना पुढे आली. म्हणाली, बोलायचंच आहे तर मीपण सांगते, शहामृगाचं पोट फुगलं की मी ओवा देते, माझ्या मुलाला देते तसाच. अस्वलाकडचा निलेश म्हणाला, मी थंडीत च्यवनप्राश चाटवतो, चमचा त्याचा वेगळा ठेवलाय. कुणी साळिंदराला खारी देत होता, कुणी माकडांना कांदा, कारण उन्हाळ्यात कांदा थंड. शेवटी दादूने कबूल केलं की फाटकावर बसल्या बसल्या तो एका डोळ्याच्या कोल्ह्यासाठी अजूनही चपाती आणतो, फक्त आता बिनमटणाची. रुचिका आधी अवाक झाली, मग तिने वही मागवली. अकरा गोष्टी लिहिल्या. पाच तिथल्या तिथे बंद केल्या, कांदा सगळ्यांत आधी. ओव्याला हरकत घेतली नाही. त्या दिवसापासून बागेच्या आहार-नोंदीत एक नवा रकाना आला, ‘घरचं’ नावाचा. त्यात जे लिहील त्याला शिक्षा नाही. प्रत्येक म्हाताऱ्या जनावराची विष्ठा आता तरंगवतातही आणि बुडवतातही.

गोळ्यांचं काम सोमवारी सुरू झालं. धाकूने कोंबडीचे पेटे, म्हणजे जठराचे घट्ट गोळे, आणवले. पेटा मधून चिरायचा, दोन्ही गोळ्या आत सरकवायच्या, चीर मिटवायची. असा एक, आणि बिनगोळीचे दोन. पहिला साधा. तो गिळता गिळताच गोळीवाला. आणि तो तोंडात असतानाच तिसरा सळईबाहेर दिसेल असा धरायचा, म्हणजे तिसऱ्याच्या हावेने ती दुसरा न चावता गिळते. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. सहा वेळा ती बिनबोभाट चालली.

सातव्या वेळी मंजुळाने पेटा चावला. तिच्या तोंडाला फेस आला, तिने सगळं थुंकलं, आणि ती धाकूकडे पाठ करून बसली. त्याने कलेजी दिली, ती हुंगलीही नाही. रुचिकाच्या हिशेबाने एक जरी पाळी चुकली तर सगळं पहिल्यापासून. तासभर धाकू पिंजऱ्यासमोर बसून विचार करत राहिला. मग उठला, नव्या गोळ्या भरलेला पेटा चिमट्यात धरला, आणि मंजुळाकडे न बघता शेजारच्या पिंजऱ्याकडे चालू लागला. तिथे बाळू नावाचा थोराड बिबट्या असतो, ज्याच्यावर मंजुळाचा नऊ वर्षांचा राग आहे. धाकूने बाळूला लाडाने हाक मारली. मांस त्याच्या सळईपर्यंत नेलं. मागे धप्पकन आवाज झाला. सोळा वर्षांची म्हातारी सळईवर उभी होती, दोन्ही पंजे बाहेर. धाकू तिच्या बाजूला वळला तसा तिने पेटा त्याच्या चिमट्यातून ओढून घेतला आणि बाळूच्या नजरेला नजर भिडवत सबंध गिळला.

उरलेले दोन डोस बाळूच्या कृपेने गेले.

दुसऱ्या आठवड्यात तिचा खोकला कमी झाला, तिसऱ्यात थांबला. मार्चच्या सुरुवातीला पुन्हा भूल, पुन्हा दोरी, पुन्हा तेच टेबल. या वेळी धाकूने पंजे धरले होते आणि डोळे मिटून घेतले होते. रुचिकाचा आवाज त्याला ऐकू आला, ती मोजत होती, पण आकडे पुढे जात नव्हते. एक. दोन. तीन. मग काही नाही. त्याने डोळे उघडले. पाच डाग विरले होते. तीन उरले होते, पण आतून पोकळ, बांगडीसारखे, भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखे रिकामे.

“सगळे किड्याचे होते, काका,” ती म्हणाली. “आठच्या आठ.”

म्हणजे गाठ वर चढलेलीच नव्हती. म्हणजे आता तिला हात लावता येणार होता.

ऑपरेशन आठ दिवसांनी झालं, सकाळी साडेसातला सुरू होऊन दहाला संपलं. रुचिकाने एका बाजूची स्तनांची सबंध ओळ काढली. टाके घालताना तिची बोटं झराझरा चालत होती, आणि धाकूने विचारल्यावर ती म्हणाली की लहानपणी फाटकी जाळी शिवून शिवून हात बसलाय. काढलेली गाठ तपासायला गेली. अहवाल आला त्यात लिहिलं होतं, कडा स्वच्छ. तिने ते दोन शब्द धाकूला तीनदा वाचून दाखवले. वर्षभर मिळेल, कदाचित दोन, असं ती म्हणाली. अठरा वर्षांची बिबटीण म्हणजे आपल्याकडची नव्वदीची बाई. तिला अजून दोन वर्षं मिळणार असतील तर ती थोडी नव्हेत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला मोकळ्या आवारात सोडायचं ठरलं. टाके निघाले होते. एका कुशीचे केस अजून उगवायचे होते, तिथे गुलाबी कातडी दिसत होती. टिपणीस साहेब आले, सपना आली, निलेश आला. दादू फाटक दुसऱ्यावर सोपवून आला. धाकूने मुद्दाम नवा खाकी सदरा घातला होता, रुक्मिणीने कडक इस्त्री केलेला.

त्याने दांडा ओढला. सरकतं दार वर गेलं. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग आधी मिशा, मग तोंड, मग ती. उन्हाला डोळे बारीक करून उभी राहिली. चार पावलं टाकली, थांबली, हवेत नाक वर केलं. चाल डावीकडे थोडी आखडलेली होती, पण पाय उचलून पडत होता, ओढून नव्हे. तिने आवाराला एक फेरी मारली. दगडाचा वास घेतला, बाळूच्या बाजूच्या जाळीचा घेतला. मग मधल्या उंच फळीकडे बघितलं, जिच्यावर ती वर्षभर चढली नव्हती. रुचिकाने धाकूचं मनगट धरलं. म्हातारीने मागचे पाय दुमडले आणि एका झेपेत वर गेली. वर गेल्यावर तिने मान खाली करून आवाज काढला, लाकडावर करवत चालावी तसा, घरघरता, लांबच लांब. या बागेत तो कित्येक महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. सांबराने कान टवकारले. बाळू त्याच्या पिंजऱ्यात मागे सरला.

“काय म्हणते ती?” साहेबांनी विचारलं.

“ह्या सगळा माजा, म्हणता,” धाकू म्हणाला. आनंदात त्याला समोर साहेब आहेत याचं भान राहिलं नाही.

तो जाळीजवळ गेला. मंजुळा फळीवरून उतरली आणि सरळ त्याच्याकडे आली. कुणीतरी मोबाइल वर धरला. गोळ्या देणारा, दोऱ्या बांधणारा, सुईसाठी तिला अरुंद पिंजऱ्यात दाबणारा हाच माणूस, हे ती विसरली नव्हती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पाठ वळवली, शेपटी उंच केली आणि जाळीतून अशी नेम धरून मुताची पिचकारी मारली की नवा सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत भिजला.

दादू जमिनीवर बसून हसला. धाकू तसाच उभा होता, दोन्ही हात लांब धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याच्या लग्नाच्या फोटोतही नव्हतं. बाईंनी दुसरा सदरा देऊ केला. त्याने घेतला नाही.

संध्याकाळी तो त्याच सदऱ्यात बसमध्ये बसला, खिडकीशी, ताठ. बस खच्चून भरलेली होती, आणि मुलुंडपासून भांडुपपर्यंत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली.